वेबसाइट पाहावी बनवून

पाठीमागे सगळे आपल्याला क्लच काकू म्हणतात हे काकूंना ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. दिवसभरात तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघायचा की लोकांनी दुसरं काही म्हटलं असतं तरच नवल. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली छोटी पांढरी गाडी. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच बसवलेले. काकूंची ख्याती भित्र्या माणसांसाठी होती. ज्यांच्यापुढे बाकीच्या स्कूलवाल्यांनी हात टेकले, ती माणसं काकूंकडे यायची आणि काही महिन्यांनी स्वतःची गाडी घेऊन पेढ्यांऐवजी हॉर्न वाजवून बातमी द्यायची.

पण हल्ली येणाऱ्यांची संख्या रोडावली होती. चौकापलीकडे नवं स्कूल निघालं होतं. तिथले शिकवणारे कानात बोंडं घालून गाणी ऐकतात, अशी काकूंची पक्की माहिती होती. तरी गर्दी तिथेच. कारण त्यांची वेबसाइट होती. लोक अंथरुणात लोळत नाव नोंदवत.

"आई, लोक आता पाटी वाचत नाहीत गं, फोन वाचतात," परगावी राहणारी लेक दर रविवारी सांगायची.

"मग बनवू या की वेबसाइट. पाटीला रंग दिला तसंच ना?" काकू म्हणाल्या.

विमा कंपनीतून निवृत्त झालेले काका स्कूलचा हिशेब आणि चहा या दोन्ही गोष्टी सांभाळत. त्यांना घेऊन काकू एका मोठ्या कंपनीच्या काचेच्या ऑफिसात गेल्या. तिथे टोकदार दाढीवाल्या एका गृहस्थाने त्यांना मऊ कोचावर बसवलं. त्या कोचात काकू इतक्या खोल गेल्या की त्यांना समोरचं टेबल दिसेना.

"आधी मला सांगा," गृहस्थ डोळे बारीक करून म्हणाला, "तुमच्या ब्रँडचा आत्मा काय आहे?"

"आत्म्याचं मला माहीत नाही," काकू कोचातून म्हणाल्या. "आमची गाडी पेट्रोलवर चालते."

त्यानंतर तासभर त्याने भिंतीवर चित्रं दाखवली आणि शेवटी एक कागद पालथा करून काकांच्या हातात दिला. काकांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आकडा तोच होता.

"एवढ्यात दुसरी गाडी येईल!" बाहेर पडल्या पडल्या काकू कडाडल्या.

"सेकंडहँड," काका म्हणाले.

"सेकंडहँड का होईना, तिला चाकं तरी असतात!"

मग लाँड्रीवाल्या बाईंनी एक नाव सुचवलं. त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, घरी बसून वेबसाइटी बनवते, साधी आहे. ती मुलगी सायकलवरून आली, हेल्मेट मांडीवर ठेवून बसली आणि काकांच्या हातचा चहा पीत बरेच प्रश्न विचारू लागली. शिकायला कोण येतं, आल्यावर पहिलं काय विचारतात, कशाला घाबरतात. काकूंना ते प्रश्न लांबण लावल्यासारखे वाटले.

"ते राहू दे. पैसे किती?"

मुलीने सांगितलं. काचेच्या ऑफिसच्या मानाने ते बरेच कमी होते, पण काकूंच्या मनात पाटी रंगवण्याचा भाव होता.

"सामान काय लागतं याला? रंग, पत्रा, काही?"

"सामान नाही लागत, काकू."

"मग हे पैसे कसले?"

"कामाचे."

"काम म्हणजे नुसतं खुर्चीत बसायचं ना?"

"हो, बसूनच," मुलगी शांतपणे म्हणाली. "पण काय ठेवायचं, काय काढायचं, माणूस कुठे अडखळेल, हे बघायला वेळ जातो."

"काय ठेवायचं ते मी सांगेन की! स्कूल माझं आहे. बसायचे एवढे पैसे? अगं, मी उन्हातान्हात गाडीत घाम गाळते!"

मुलीने उरलेला चहा संपवला, कप सिंकमध्ये नेऊन ठेवला आणि "काही लागलं तर मी लाँड्रीच्या वरच आहे," म्हणून निघून गेली. तिने कप उचलून ठेवला, हे काकांना फार आवडलं. काकूंना त्याचंही काही वाटलं नाही.

"नाकापेक्षा मोती जड!" त्या म्हणाल्या. "मी स्वतःच बनवते."

"अगं, घर पाहावं बांधून असं म्हणतात..."

"तर वेबसाइट पाहावी बनवून. बघतेच मी!"

आणि खरंच त्यांनी कंबर कसली. 'फुकटात वेबसाइट बनवा' म्हणणारी एक जागा लेकीने दाखवून दिली. शिकवणाऱ्या व्हिडिओतला पोरगा पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा भरभर बोलायचा. काकू त्याला थांबवून थांबवून ऐकायच्या आणि मधूनच त्याच्यावर ओरडायच्या, "अरे, पहिल्या गिअरमध्ये चालव की!" संध्याकाळी घरी खोलीचं दार लावून त्या संगणकापुढे बसू लागल्या. काका चहा घेऊन आले की "आत येऊ नका, सगळं हलतं," असं आतून ओरडायच्या. काकांच्या येण्याने पडद्यावरची अक्षरं कशी हलत होती हे काकांना कधीच कळलं नाही, पण ते चहा दाराबाहेर ठेवून जात.

त्या नादात एकदा गोल चौकात एक शिकाऊ बाई फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिल्या, कारण बाहेर वळायला सांगायचं सोडून काकू निळ्यावर लाल अक्षरं उठून दिसतील की पिवळी, या विचारात गढल्या होत्या. "काकू, मला आता घेरी येतेय," असं बाई काकुळतीने म्हणाल्या तेव्हा त्या भानावर आल्या.

अखेर वेबसाइट तयार झाली. निळ्यावर लाल अक्षरं. रस्त्याचे सगळे नियम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काकूंचा फोटो, जो ताणला गेल्याने त्यांचे गाल दोन्हीकडे ढकलल्यासारखे दिसत होते. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक गाडी. ती पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला पळत जायची, नाहीशी व्हायची आणि पुन्हा पहिल्या टोकाने उगवायची. त्या गाडीवर काकूंचा फार जीव जडला.

"बघ! एक पैसा लागला नाही," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं.

लेक म्हणाली, "छान आहे गं आई. गाडी फारच पळतेय मात्र."

"पळणारच. गाडीच ती!"

आता लोकांची रीघ लागणार म्हणून काकांनी दोन खुर्च्या वाढवल्या. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. फोन गप्प. काकू मधूनच रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना हे पाहायच्या.

त्या रिकाम्या दिवसांत एकदा सुपरमार्केटचे मॅनेजर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी दारातूनच गाडीकडे बघत होती. मॅनेजरसाहेबांनी शिकवणीची फी विचारली आणि भुवया चढवल्या.

"एवढी? अहो मॅडम, गाडी माझी मुलगी चालवणार. पेट्रोलचे घ्या, गाडीचे घ्या, समजू शकतो. पण तुम्ही तर नुसत्या बाजूला बसणार!"

झालं. काकू उभ्याच राहिल्या.

"नुसती बसणार? अहो, बसायचं म्हणजे काय ते माहीत आहे का? तुमची मुलगी कुठे घाबरणार हे तिला कळायच्या आधी मला कळावं लागतं. समोरच्या ट्रकवर एक डोळा, तिच्या हातावर एक. ब्रेक कधी दाबायचा हे कुणीही शिकेल, कधी दाबायचा नाही हे शिकायला माझी उमर गेली! सामानाचे पैसे असतात का हे? हे पैसे..."

आणि इथे काकूंचं वाक्य रस्त्यात बंद पडलं.

कोपऱ्यात काका खोकले. काकांना सर्दी नव्हती.

"खोकू नका," काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

मॅनेजरसाहेब "विचार करून सांगतो" म्हणत मुलीला घेऊन गेले. त्या दिवशी काकू संध्याकाळी संगणकापुढे बसल्या, पळणाऱ्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि काही न करता उठल्या. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर जायचं तर आपलेच शब्द गिळायला लागणार होते. तशी त्यांना सवय नव्हती.

पुढच्या आठवड्यात सकाळी एक उंच, ताठ कण्याच्या बाई आत आल्या. पांढरे केस बारीक कापलेले, खांद्याला मोठी पिशवी, पायात आवाज न करणारे बूट. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि खिडकी उघडली.

"हवा खेळती हवी," त्या म्हणाल्या. "क्लच काकू कोण?"

"मी. आपण?"

"मी सिस्टर. हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळत होते, आता रिटायर झाले. तुमचे पेशंट इतके दिवस माझ्याकडे येताहेत, ते परत करायला आले आहे."

काकूंना काही उमजेना. सिस्टरनी पिशवीतून फोन काढून समोर धरला. त्यावर काकूंची वेबसाइट होती. लाल अक्षरांत स्कूलचा नंबर होता, पण तो काकूंचा नव्हता. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले होते. काका वाकून बघायला आले आणि एका नजरेत चूक पाहून पुन्हा सरळ झाले. आयुष्य आकड्यांत घालवलेल्या माणसाला खोलीबाहेर ठेवल्यावर हेच व्हायचं होतं, पण ते तसं बोलले नाहीत.

"पहिल्या दोघींना राँग नंबर म्हणून सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "तिसरी फोनवर रडायलाच लागली. घरचे हसतात म्हणे तिला. आता रडणाऱ्या माणसाचा फोन मला ठेवता येत नाही हो."

"मग?"

"मग काय, खोल श्वास घ्यायला लावला. झोप लागते का, जेवण जातं का, विचारलं. आणि सांगितलं, आधी रोज थोडा वेळ बंद गाडीत नुसतं बसा. स्टिअरिंगला हात लावा. चावी फिरवू नका."

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, हे तर मीच सांगते सगळ्यांना!"

"मग बरोबरच सांगितलं म्हणायचं. त्यानंतरही बरेच फोन आले. सगळ्यांना धीर दिला. ती रडणारी तर रोज करते, आता हसते सुद्धा. बाहेर उभी आहे. आत पाठवायच्या आधी म्हटलं, तुम्ही कशा आहात ते डोळ्यांनी बघावं."

"कशी आहे?"

"आवाज मोठा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण चालेल. एक विचारू का? ही मध्येमध्ये गाडी कशाला पळते? नंबर वाचायला लागलं की आडवी येते. मला मळमळायला लागतं."

काकूंनी आपली वेबसाइट आजवर घरच्या मोठ्या पडद्यावरच पाहिली होती. लोक फोन वाचतात, हे त्यांना लेक दर रविवारी सांगत होती. आता एवढ्याशा फोनवर त्यांना दिसलं की लाडकी गाडी नंबर झाकतेय, ताणलेला गाल 'नाव नोंदवा' या बटणावर बसलाय आणि रस्त्याच्या नियमांना अंत नाही. इतकं असूनही लोकांनी चिकाटीने फोन केले होते. त्यांना केवढी गरज असेल! काकूंना एकदम भरून आलं, आणि लगेच रागही आला, तो अर्थात स्वतःचाच. त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या बाईंना आत बोलावून दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

"अहो, चपला घाला," त्या काकांना म्हणाल्या. "लाँड्रीत जायचंय."

"कपडे घेऊ?"

"कपडे नकोत!"

लाँड्रीच्या वरची खोली उबदार होती, खालून इस्त्रीची वाफ यायची. संगणकाचे दोन पडदे, खुर्चीवर झोपलेलं एक मांजर, भिंतीभर चिकटवलेले कागद. मुलीने काकूंची वेबसाइट उघडली.

"हसलीस तरी चालेल," काकू म्हणाल्या.

"नाही हसत. गाडी खरंच छान पळतेय." मग तिने आपला फोन काकांच्या हातात दिला. "काका, यावरून शिकवणीला नाव नोंदवून दाखवा. काकू, तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही."

काकांनी बोट पुढे केलं. बटण गालाखाली गेलं. त्यांनी वर सरकवलं, तर नियम आले. खाली सरकवलं, तर गाडी आली. "बटणावर, अहो, बटणावर," असं काकूंच्या ओठांवर आलं, पण त्यांनी दात आवळले. त्यांचा पाय मात्र आपोआप फरशीवर दाबला जात होता, जिथे त्यांच्या गाडीत ब्रेक असतो. मुलगी काकांशेजारी काही न बोलता बसली होती. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. तिचं सगळं लक्ष काकांच्या बोटाकडे होतं, कुठे थांबतं, कुठे बिचकतं. काकूंनी ती नजर ओळखली. आरशात पाहावं तशी ओळखली.

काका शेवटी त्या फुकट जागेने लावलेल्या एका जाहिरातीत शिरले आणि त्यांनी चुकून गादी मागवायला घेतली, तेव्हा मुलीने फोन काढून घेतला.

"आकडा तोच का?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा सांगितलेल्या कामाचा तोच."

"काही कमी?"

"पैसे कमी नाही करत मी, काकू. काम कमी करता येईल. तुम्हाला नक्की काय हवंय?"

काकूंनी विचार केला. "फोन वाजायला हवा. आणि लोकांना कळायला हवं, की इथे कुणी ओरडत नाही."

काका खोकले.

"उगाच ओरडत नाही," काकूंनी दुरुस्ती केली.

"मग एक पान पुरे. नियम नकोत, ते पुस्तकात असतात. त्याचे निम्मेच होतील."

"हे तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी तेच विचारत होते. तुम्ही रंग आणि पत्र्याचं विचारत होतात."

काकू खळखळून हसल्या. मांजर दचकून उठलं. "तरी महागच आहेस तू," त्या म्हणाल्या.

"आहे," मुलगी आनंदाने म्हणाली.

काकूंनी आणखी घासाघीस केली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकांनी हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि जिना उतरताना ते दोनदा मागे वळून बायकोची तब्येत बरी आहे ना ते पाहून घेत होते.

नंबरचा प्रश्न काकांनीच सोडवला. "तू गाडीत असतेस तेव्हा फोन उचलणार कोण? मी उचलला की लोकांना वाटतं विमा विकतोय. सिस्टरचाच नंबर राहू दे."

सिस्टर तयार झाल्या. दुपारची झोप मोडणार नाही, ही त्यांची पहिली अट. मग त्यांनी आपला मेहनताना सांगितला.

"एवढा?" काकूंच्या तोंडून निघून गेलं. "नुसतं फोनवर बोल..." त्यांनी जीभ चावली. "चालेल. चालेल हो."

नवं पान पांढरंशुभ्र होतं. वर गाडीच्या आतला फोटो, शिकणाऱ्याच्या जागेवरून घेतलेला: समोर रिकामा रस्ता आणि कडेला सीटबेल्ट लावून बसलेल्या काकू, गाल जागच्या जागी. खाली एवढंच, 'भीती वाटते? आधी नुसतं बोला.' आणि नंबर. आठवड्याभरात सिस्टर दुपारी झोपायच्या आधी रोज नवी नावं कळवू लागल्या, कुणाला रक्तदाब आहे, कुणाला ओरडलेलं चालत नाही, या तपशिलासह. मॅनेजरसाहेबांची मुलगी एकटीच आली. वडिलांनी विचार करून काय सांगितलं, हे तिने सांगितलं नाही आणि काकूंनीही विचारलं नाही.

फोनवर रडणाऱ्या बाईंना चढाचा रस्ता जमायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. अखेर जमला त्या दिवशी चढावर सिग्नल लागला, मागे गाड्यांची रांग, आणि सुटताना गाडी बंद पडली. हॉर्न सुरू झाले. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पाय मागे घेतले, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाजवू दे त्यांना. त्यांचा हॉर्न, त्यांची बॅटरी."

बाईंनी खोल श्वास घेतला. चावी फिरवली, क्लच हळूहळू सोडला. गाडी थरथरली, किंचित मागे गेल्यासारखी झाली आणि मग चढ चढून वर आली. वर मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडं. बाई मोठ्याने हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, पण स्टिअरिंग हलू दिलं नाही.

"आता इथून डावीकडे, म्हणजे परत," काकू म्हणाल्या.

डावं वळण मागे गेलं.

"चुकलं काकू!"

"चुकलं नाही, राहिलं. पुढे आणखी एक आहे."

"तेही राहू दे का?" बाईंनी विचारलं.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचा विद्यार्थी दारात येऊन बसला असणार. काका त्याला चहा देत असतील.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या गिअरमध्ये टाक."